थंड पाण्याचे गाव

गावांचेही माणसांसारखेच असते. काही गावांशी आपली नुसती ओळख होते, काहींशी परिचय वाढतो, आणि एखाददुसऱ्या गावाशी मात्र घरोबा जमतो. लंडन-पॅरिस पाहून आलेली मंडळी तिथल्या इमारतींची उंची सांगतात, काशीला जाऊन आलेले गंगेच्या घाटांचे वर्णन करतात. पण "ते गाव मला हळूहळू आवडू लागले" असे म्हणणारा प्रवासी विरळा. कारण हळूहळू आवडायला तिथे दूध उतू जावे लागते, भाजीचे पैसे सुटे नसावे लागतात आणि एखादा दिवस अगदी काहीही न पाहता घरात बसून काढावा लागतो. चार दिवसांच्या सहलीत हे जमत नाही. बाळंतपणात जमते!

वाचकहो, हसू नका. माझ्या पिढीतल्या कितीतरी पुणेकर बायकांना जग दिसले ते लेकी-सुनांच्या बाळंतपणांनी. कुणी त्यापायी न्यूजर्सी पाहिली, कुणी सिडनी. माझ्या वाट्याला आले आफ्रिकेतले नैरोबी. जावयांची नोकरी तिथली, लेकीचे दिवस भरत आलेले. तेव्हा गेल्या वर्षी गणपतीचे विसर्जन झाले आणि डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा अशा सरंजामासह मी मुंबईहून विमानात बसले.

निघण्यापूर्वी शेजारपाजारचा उपदेश पुरेपूर मिळाला होता. एकीने विचारले, "तिकडे सिंह रस्त्यात फिरतात ना हो?" दुसरीने बांगड्या काढून ठेवायला सांगितले. एका काकांनी तर "आफ्रिका म्हणजे उन्हाने भाजून निघाल" असे बजावले. त्यातच पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागली, आणि तिचा दाखला पासपोर्टइतकाच जपायचा होता; कारण तो नसेल तर परत येताना आपल्याच देशात अडवतात. एकूण काय, आप्तस्वकीयांनी मला निरोप दिला तो मोहिमेवर निघालेल्या शिपायाला देतात तसा.

उतरले ती पहाटे, आणि पहिले काम केले ते शाल काढण्याचे. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी जवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंच आहे. आपले महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. त्यामुळे बारा महिने तिथे पुण्यातल्या डिसेंबरची सकाळ. मसाई लोकांच्या भाषेतले 'एन्कारे नायरोबी' म्हणजे थंड पाणी. त्यावरून या जागेचे नाव पडले. उन्हाने भाजून निघण्याची तयारी करून गेलेली मी पहिले आठ दिवस पायमोजे घालून वावरत होते.

पण थंड हवा म्हणजे काही माया नव्हे. पहिला पंधरवडा मी पाहुणीच होते. घराभोवती उंच भिंत, तिच्यावर विजेच्या तारा, फाटकाशी पहारेकरी. त्याला तिथे 'अस्कारी' म्हणतात. लेक म्हणे, "आई, एकटी फार लांब जाऊ नकोस." खिडकीतून एक नीलमोहराचे झाड दिसे, तेवढेच काय ते ओळखीचे. ऑक्टोबर आला आणि ते झाड निळेजांभळे होऊन गेले, खाली सडा पडू लागला. हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पुण्यातही परकाच, नैरोबीतही परकाच. पण आज नीलमोहरावाचून नैरोबीचे चित्र कुणी काढत नाही.

माझे गावाशी खरे बोलणे सुरू झाले ते भाजीपासून. फाटकापासून पन्नास पावलांवर एका बाईचे भाजीचे दुकान होते. दुकान कसले, चार लाकडी फळ्या आणि वर पत्रा. तिथे अशा भाजीवालीला 'मामा म्बोगा' म्हणतात. म्बोगा म्हणजे भाजी, आणि मामा म्हणजे आई! स्वाहिली भाषेने आपल्या नात्यांची अशी काही उलथापालथ करून ठेवली आहे की विचारू नका. मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे बाबाच राहिले आहेत. एक म्हणजे 'मोजा', आणि सहा म्हणजे चक्क 'सिता'. मी टोमॅटो मोजून मागताना सीतामाईचे नाव घेत असे आणि ती बाई सहा टोमॅटो उचलून देत असे.

शिवाय पुष्कळसे शब्द तर आपल्याच माजघरातले वाटावेत असे. चहा 'चाय', साखर 'सुकारी', रंग 'रांगी', मोटार 'गारी', पोळी 'चपाती', औषध 'दावा' आणि सरकार 'सेरिकाली'. काही शब्द आपल्याकडून गेले, काही अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही आले आणि आपल्याकडेही. शतकानुशतके मोसमी वाऱ्यांवर गलबते ये-जा करीत होती; मालाबरोबर शब्दही उतरले, आणि गलबते परत गेली तरी शब्द तिथेच राहिले.

एके दिवशी त्या बाईच्या फळीवर मला माठ दिसला! तिथे त्याला 'तेरेरे' म्हणतात. बाळंतिणीला पालेभाजी कुठली द्यावी या विवंचनेत होते मी. आनंदाने मी मराठीतच "अगं बाई, माठ!" म्हणून ओरडले, आणि तीही तिच्या भाषेत काहीतरी बोलून हसली. त्यानंतर तिने जे केले त्याने मात्र मी गार झाले. तिथली रोजची भाजी म्हणजे 'सुकुमा विकी' नावाची हिरवी पाने. नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'. महिनाअखेरीला गरिबाचा आठवडा तिच्यावर निघतो म्हणून हे नाव. ती पाने मुठीत आवळून, पाटाशिवाय, विळीशिवाय, हातातल्या हातात सुरीने ती बाई रेशमासारखी चिरून देते. फुकट! पुण्यात भाजी चिरून मागितली तर काय उत्तर मिळेल याची कल्पना वाचकांना आहेच.

पैसे द्यायचे तेही मोबाइलवरून. 'एम-पेसा' ही सोय तिथे २००७ साली सुरू झाली. आपल्याकडे यूपीआय आले २०१६ मध्ये. म्हणजे भाजीवालीला फोनवरून पैसे देण्यात केनिया आपल्यापेक्षा नऊ वर्षांनी वडील. आणि 'पेसा' म्हणजे आपला पैसाच बरे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तर तिथे २०१७ सालापासून कडक बंदी आहे. माझी जुन्या साडीची शिवलेली पिशवी पाहून लेक पुण्यात लाजत असे. नैरोबीत तिला एकदम प्रतिष्ठा आली.

ऑक्टोबरच्या अखेरीस नात झाली. रुग्णालयातल्या परिचारिकेने बाळ माझ्या हाती देताना त्याच्याकडे पाहून म्हटले, "करिबू." या शब्दाचा अर्थ 'यावे' असा, आणि 'जवळ' असाही. आपण दारात आलेल्याला 'या, बसा' म्हणतो, तसे ते 'या, जवळ या' म्हणतात. दुसऱ्या दिवशी भाजीवालीला खुणांनी बातमी सांगितली. तिने जास्तीची कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि मला हाक मारली, "शोशो!" शोशो म्हणजे आजी. माझ्या नव्या पदवीने मला पहिल्यांदा हाक मारली ती नैरोबीने. पुण्याचे फोन नंतर आले. ज्या गावात आपली नात जन्मली, त्याला परके कसे म्हणावे?

बाळ-बाळंतीण झोपल्या की मी जावयांच्या कपाटातली पुस्तके वाचीत बसे, आणि रविवारी ते मला गाव दाखवीत. तेव्हा कळले की हे गाव पुण्याच्या मानाने अगदीच लहान वयाचे. १८९९ साली मोंबासाहून आत जाणारी रेल्वे या पाणथळ माळावर पोहोचली आणि इथे तिचा तळ पडला. त्याचे आज शहर झाले. २०१९ च्या जनगणनेत त्याची वस्ती ४४ लाखांच्या घरात होती. ती रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले अडीच हजार परतले नाहीत. मैलामागे चार माणसे. काही तापाने गेले, काही त्साव्होच्या नरभक्षक सिंहांनी नेले. नैरोबीच्या रेल्वे संग्रहालयात एक जुना डबा आहे. १९०० साली सिंहाने एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याला त्यातून ओढून नेले होते. तो डबा पाहायला गर्दी असते. मला मात्र रुळांखालच्या त्या अडीच हजारांची आठवण येत राहिली, ज्यांची नावे कुणी विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट कळली तेव्हा तर मी चमकलेच. १९०२ साली नैरोबीत प्लेग शिरला. सरकारने काय करावे? सारा हिंदी बाजार जाळून टाकला! पुण्यात १८९७ साली घराघरांत शिरून सोजिरांनी काय केले हे आपल्या आजी-पणजीने सांगितलेले आहे. तोच रोग, तेच सरकार, तीच तऱ्हा. तो प्लेग ओळखला डॉक्टर रिबेरो यांनी. हे गोव्याचे गृहस्थ. नैरोबीतले पहिले खासगी वैद्य, आणि रोग्यांकडे जात ते माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून! आपल्या कोकण किनाऱ्यावरचा माणूस झेब्र्यावर स्वार होऊन घरोघर औषधे देत फिरतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आले की अजून हसू येते, आणि अभिमानही वाटतो.

आपल्या माणसांचे पाऊल त्या गावात आणखी खोल उमटले आहे. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव, १९४८ साली स्वतंत्र भारताचे पहिले कमिशनर म्हणून नैरोबीस गेले. वडिलांनी १९३९ मध्ये राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला होता, तो संस्कार घेऊन ते गेले होते. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांना त्यांचे सांगणे असे की, आपले हित गोऱ्यांच्या सावलीत शोधू नका, आफ्रिकी माणसाच्या बाजूला उभे राहा. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला यावे म्हणून शिष्यवृत्त्या मिळवून देण्यात ते पुढे होते. ब्रिटिशांना हे मानवणार कसे? १९५४ मध्ये त्यांना तिथून हलावे लागले. त्याच सुमारास नैरोबीत जन्मलेल्या गोमंतकीय पिओ गामा पिंटो यांना ब्रिटिशांनी स्थानबद्ध केले, ते पाच वर्षे. केनियासाठी आणि गोव्याच्या मुक्तीसाठीही झटणारा हा तरुण स्वतंत्र केनियात, १९६५ साली, नैरोबीतच गोळ्यांना बळी पडला. तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता.

हे सांगताना दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. १९६३ च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. पुढे १९६८ च्या सुमारास हजारो हिंदी कुटुंबे बिऱ्हाड गुंडाळून इंग्लंडला गेली. १९८२ च्या फसलेल्या बंडात हिंदी दुकाने लुटली गेली. १९९८ च्या ऑगस्टमधल्या बाँबस्फोटात नैरोबीत दोनशेंवर माणसे मेली, आणि २०१३ साली वेस्टगेट बाजारात अतिरेक्यांनी ६७ जीव घेतले. किबेरासारख्या वस्त्यांत पत्र्याला पत्रा लागून लाखो माणसे राहतात. आणि हिंदी लोकही पुष्कळदा आपल्या उंच भिंतीआड, आपल्याच मंडळींत राहतात. पिढ्या गेल्या तरी शेजाऱ्याच्या घरी पान वाढलेले नसते. तरी २०१७ साली केनिया सरकारने तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. 'तुम्ही पाहुणे नव्हे, घरचे' असे म्हणायला सव्वाशे वर्षे लागली, पण म्हटले.

नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे. दिवाळीत तिथली फराळाची ताटे पाहून मला सदाशिव पेठेत असल्यासारखे वाटले. पण खरे सांगायचे तर मन रमले ते करुरा अरण्यात. शहराच्या अगदी पोटात हजार हेक्टरांचे हे रान आहे. एकेकाळी त्यावर बांधकामवाल्यांचा डोळा होता. १९९९ साली वांगारी मथाई नावाची बाई रोपे घेऊन तिथे झाडे लावायला गेली, तर भाडोत्री माणसांनी तिचे डोके फोडले. तिने रान सोडले नाही. त्यापूर्वी, १९८९ मध्ये, उहुरू बागेत उठणारा साठ मजली मनोरा तिनेच अडवला होता. २००४ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज करुरात सकाळी आजोबा काठी टेकीत चालतात, मुले सायकली हाकतात. पाहताना मला सारखी वेताळ टेकडी आठवे, आणि टेकडी वाचवा म्हणून फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या इथल्या आज्या आठवत. नळस्टॉपवरून चढणारी बाई आणि करुरात चालणारी बाई एकाच गोष्टीसाठी भांडत आहेत, आणि दोघींना एकमेकींची गंधवार्ता नाही!

तीन महिने कधी सरले कळले नाही. तिथे वेळ मोजायची रीतही न्यारी. दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळी सातला 'मोजा', म्हणजे एक वाजतो. आपल्या जुन्या घटिकांसारखेच की! परत निघायच्या आदल्या दिवशी भाजीवालीने माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि दोन पिकलेले आंबे दिले. पैसे घेतले नाहीत. भाजीवालीने पैसे न घेणे याला मी त्या गावचे प्रशस्तिपत्र समजते.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी हा सारा प्रपंच. पुण्यात आल्यावर दोन-तीन महिन्यांनी आमच्या सोसायटीत एक जागा रिकामी झाली. मालक बाहेरगावी. त्यांच्याकडे चौकशीला आली ती नैरोबीची एक मुलगी, इथे पदव्युत्तर शिक्षण घेणारी. मालकांची हरकत नव्हती, पण सोसायटीची सभा भरली. कुणी म्हणाले, "यांच्याकडे रात्री-अपरात्री लोक येतात." कुणी म्हणाले, "स्वयंपाकाचा वास." एकजण हळूच म्हणाले, "आपल्याला काही नाही हो, पण बाकीच्यांना चालणार नाही." या 'बाकीच्यांना' म्हणजे नक्की कुणाला, हे शोधायला गेले तर एकही माणूस सापडत नाही, आणि सभा मात्र त्यांच्याच मताने चालते!

मी एवढेच विचारले की, "त्या मुलीला कुणी भेटलेय का?" कुणीच भेटले नव्हते. पाहुणी म्हणून तिच्या गावात मी तीन महिने राहिले. मला कुणी स्वयंपाकाच्या वासाबद्दल विचारले नाही, आणि आमच्या घरात तर रोज हिंगाची फोडणी होती. घटकाभर शांतता झाली. मग मतदान झाले, दोन मतांनी ठराव मंजूर झाला. पण या सगळ्यात तीन आठवडे गेले होते, आणि मुलीने तोवर हडपसरच्या बाजूला एक खोली पाहिली होती. फोनवर ती म्हणाली, "काही हरकत नाही, आंटी. ही माझी सातवी जागा होती." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

हे पुणे काही मुळातच दार लावून बसणारे नव्हे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी परदेशी विद्यार्थ्यांची एकाकी परवड पाहिली आणि त्यांना घर वाटावे म्हणून १९७१ साली 'सिंबायोसिस' सुरू केले. अप्पासाहेबांनी ज्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या, त्यांची नातवंडे आज आपल्या कोथरूड-कोंढव्यात खोल्या शोधत फिरतात. संस्था प्रवेश देऊ शकते. जिन्यातले 'काय गं, जेवलीस का?' संस्थेला विचारता येत नाही. ते तुम्हा-आम्हालाच विचारावे लागते.

ती मुलगी आता महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येते. तिला मी विचारले, "पुणे आवडते का तुला?" तिने जरा विचार केला. नीट, खरेखरे उत्तर द्यायचे असले म्हणजे माणूस करतो तसा. म्हणाली, "अमृततुल्यचा चहा आवडतो. आमच्याकडेही दुधात असाच उकळतात. आणि खालची इस्त्रीवाली मावशी मला नावाने हाक मारते." बस्स, दोनच गोष्टी. पर्वती नाही, शनिवारवाडा नाही. पण मला ठाऊक आहे, गाव आवडू लागते ते असेच, दोन-दोन गोष्टींनी. तिसरी गोष्ट कुठली असेल ते तिच्यापेक्षा आपल्यावर अधिक अवलंबून आहे.

यंदा तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना मी पाडव्याला फराळाला बोलावले आहे. चकली तिला कितपत तिखट चालेल याची चिंता आहे. ते तिलाच विचारीन. तुमच्याही गल्लीत, तुमच्याही जिन्यात अशी कुणी ना कुणी असेल. दिवाळीत पणती आपण उंबऱ्याबाहेरच ठेवतो ना? मग तिच्या उजेडात जो दिसेल त्याला 'या' म्हणायला काय हरकत आहे! हवे तर 'करिबू' म्हणा. अर्थ एकच आहे.